ताई, मला भीती वाटते म्हणजे माझा विश्वास उणा आहे का?

प्रिय ताई, सलाम.

मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका गावात राहते. वय ३९. बारा वर्षं एका पतसंस्थेत नोकरीला आहे. आधी लेखनिक होते, दोन वर्षांपूर्वी शाखाधिकारी झाले. तेव्हा चर्चच्या मंडळीत उभं राहून मोठ्या आनंदाने साक्ष दिली होती. आता वाटतं, ती बढती मिळालीच नसती तर बरं झालं असतं.

दिवाळीनंतर आमच्या एका संचालकांनी त्यांच्या माणसांची थकलेली कर्जं नवी-जुनी करायला सांगितलं. कागदावर नवं कर्ज मंजूर करायचं आणि त्यातून जुनं फेडलं असं दाखवायचं. जामीनदार समोर येतच नाहीत, सह्या करून आणलेले कागद तेवढे येतात. दोन फायलींवर मी सही केली. आता मार्चअखेर आली आहे आणि आणखी नऊ फायली टेबलावर आहेत. माझे मिस्टर ज्यांच्याकडे कामाला आहेत ते याच संचालकांचे नातेवाईक. मुलगा दहावीला आहे. आणि आमच्या महिला मंडळाच्या बायकांनी माझ्या शब्दावर या शाखेत ठेवी ठेवल्या आहेत.

मिस्टर म्हणतात, सगळीकडे हेच चालतं, तू एकटीने नाही म्हणून काय होणार? सासूबाई म्हणतात, प्रभूने वधस्तंभ वाहिला, तुला एवढं सोसवत नाही? मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांना आडून विचारलं, तर त्यांनी धन्याच्या अधीन राहावं हे वचन काढून दाखवलं. रात्री दोन-अडीचला जाग येते आणि छातीत धडधडत राहतं. प्रार्थनेला बसते, पण ‘हे प्रभू’च्या पुढे शब्द सरकत नाही. एके काळी घरसभेत मी पाऊण पाऊण तास प्रार्थना करत असे.

ख्रिस्ताचा विश्वास दबावाखाली ढळला नाही, मग माझाच का ढळतो? गप्प राहून सोसणं हेच त्याचं अनुकरण का?

– एक बहीण

—

प्रिय भगिनी, सलाम.

मार्चअखेर कुणासाठी थांबत नाही, म्हणून एक गोष्ट आधीच सांगते. त्या नऊ फायलींवर सही करू नका. बाकीचं सावकाश बोलू.

ख्रिस्ताचा विश्वास ढळला नाही असं तुम्ही लिहिता, ते खरंच आहे. पण तो न ढळलेला विश्वास दिसायला कसा होता, याचं आपल्या मनातलं चित्र बहुतेक वेळा भिंतीवरच्या कॅलेंडरातून आलेलं असतं. खडकावर हात टेकून बसलेला येशू, चेहऱ्यावर शांती, वरून प्रकाशाची तिरीप. आज रात्री जाग आली की मार्कच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय बत्तिसाव्या वचनापासून वाचा. अटकेची रात्र, वल्हांडण या यहुदी सणाची, म्हणजे पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र. किद्रोन ओहळ ओलांडून तो गेथशेमाने बागेत येतो, पेत्र, याकोब आणि योहान यांना जवळ घेतो आणि त्या तीन कोळ्यांना सरळ सांगतो, ‘माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे.’ मग थोडं पुढे जाऊन जमिनीवर पडतो. पहिली विनंती करतो ती हीच, की जमत असेल तर हा प्याला माझ्यापुढून काढून घे. लूक सांगतो की त्याचा घाम रक्ताच्या मोठ्या थेंबांसारखा भुईवर पडत होता. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तर आक्रोश आणि अश्रू असे दोन्ही शब्द आहेत.

भीती हे अविश्वासाचं लक्षण असतं, तर शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनी ही रात्र झाकून ठेवली असती. त्यांनी ती झाकली नाही. मत्तय, मार्क आणि लूक तिघांनीही लिहून ठेवली.

त्या जागेचा विचार मी अनेकदा करते. बाग ओहळाच्या अलीकडे आणि समोरच्या उतारावर शहर. शिपायांची तुकडी मशाली आणि कंदील घेऊन आली, असं योहान लिहितो. अंधारात ते दिवे उतरताना दिसले असणार. येशूच्या पाठीशी जैतुनांचा डोंगर होता. डोंगरापलीकडे बेथानी, जेमतेम तीन किलोमीटरवर, तिथे मार्था, मरीया आणि लाजर यांचं घर. त्याच्याही पुढे यहूदियाचं रान, जिथे माणूस सहज दिसेनासा होतो. वाट मोकळी होती आणि ती त्याच्या पायाखालची होती. छाती धडधडत असेल, घाम गळत असेल, तरी पाय जागचे हलले नाहीत. त्या रात्री त्याचा विश्वास त्या पायांत होता.

म्हणून तुमच्या छातीतल्या धडधडीला तुमच्या विश्वासाचं माप समजू नका. ती धडधड तुमचं मन शाबूत असल्याची खूण आहे. ज्यांचं मन मेलेलं असतं ते असल्या सह्या करून रात्री गाढ झोपतात. मात्र डॉक्टरांना दाखवा, रक्तदाब तपासून घ्या. झोप उडालेल्या माणसाकडून कुठलाच निर्णय नीट होत नाही. एलिया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला भाकरी आणि पाणी दिलं, झोपू दिलं आणि पुन्हा उठवून खाऊ घातलं.

आता प्रार्थनेचं. पाऊण तासाची प्रार्थना करणारी मी आता ‘हे प्रभू’पाशी अडते, ही तुमची खंत मला फार ओळखीची वाटली. आपल्या मंडळ्यांत लांब प्रार्थनेचं कौतुक होतं, आणि जिची प्रार्थना ओघवती तिचा विश्वास मोठा असं नकळत ठरून जातं. पण गेथशेमानेत येशूने तीनदा प्रार्थना केली आणि तिसऱ्यांदाही तेच शब्द उच्चारले, असं मत्तय मुद्दाम नोंदवतो. वधस्तंभावर ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ असं तो ओरडला. ते बाविसाव्या स्तोत्राचं पहिलं वचन आहे. ‘मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो’ हे एकतिसाव्या स्तोत्रातलं. प्राण जाताना त्याने पाठ असलेलं म्हटलं. लहानपणापासून सभास्थानात कानावर पडलेले शब्द तेव्हा त्याला पुरले.

तुम्हीही तेच करा. स्वतःचे शब्द शोधत बसू नका. तेरावं स्तोत्र घ्या, त्याला अवघी सहा वचनं आहेत. ‘हे परमेश्वरा, कुठवर?’ असं ते सुरू होतं आणि पहिल्या दोन वचनांत हाच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. ते मोठ्याने म्हणा, संपलं की पुन्हा म्हणा, आणि दिवा मालवून पडा. झोप लागली नाही तरी चालेल. आणि एखाद्या रात्री स्तोत्राचा शेवट गोड झालेलाही सोसत नसेल, तर अठ्ठ्याऐंशीवं आहे. ते अंधारातच संपतं, आणि तेही पवित्र शास्त्रातच आहे.

तुमच्या पत्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला प्रश्न गप्प राहण्याचा. सासूबाईंचं वाक्य मी दोनदा वाचलं. त्या दुष्टपणाने बोलल्या असतील असं मला वाटत नाही. आपल्याकडच्या बायकांच्या कितीतरी पिढ्यांनी याच वाक्याच्या आधारावर दिवस काढले आहेत. तरीही ते वाक्य इथे लागू पडत नाही, आणि का पडत नाही हे नीट बघायला हवं.

अटकेनंतर येशूला आधी माजी प्रमुख याजक हन्ना याच्याकडे नेलं. तिथे एका कामदाराने त्याच्या तोंडात मारली. दुसरा गाल पुढे करा असं शिकवणारा तो, तेव्हा त्याने काय केलं? त्याने मारणाऱ्याला विचारलं: मी चुकीचं बोललो असेन तर काय चुकीचं ते सांग, आणि बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? योहानाच्या अठराव्या अध्यायात तेविसावं वचन. त्याने हात उगारला नाही, शिवी दिली नाही, पण जे झालं ते अन्यायाचं होतं हे तोंडावर सांगितलं. पुढे गालीलचा शासक हेरोद याने खूप प्रश्न विचारले, त्याला एकही उत्तर दिलं नाही. खोटे साक्षीदार बोलत होते तेव्हाही गप्प राहिला. पण प्रमुख याजक कयफाने शपथ घालून तू ख्रिस्त आहेस काय असं विचारलं, तेव्हा बोलला, आणि त्या एका उत्तरावर त्याला मरणदंड मिळाला.

या सगळ्यात मला एक सूत दिसतं. गप्प राहण्याचा भार फक्त त्याच्या एकट्याच्या अंगावर पडणार होता तिथे तो गप्प राहिला, आणि गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं ठरलं असतं तिथे बोलला. बागेत शिपायांनी घेरलं तेव्हाही तो शिष्यांसाठी बोलला: तुम्ही मला शोधत असाल तर यांना जाऊ द्या. स्वतःला पुढे केलं आणि मागच्या माणसांना सोडवलं.

आता तुमची शाखा बघा. तुम्ही गप्प राहून सही केलीत तर सोसणार कोण? ज्या जामीनदाराची सही त्याला नकळत वापरली आहे त्याच्या दारात उद्या वसुलीवाले जातील. आणि तुमच्या महिला मंडळातल्या बायका. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं पाच लाखांपर्यंत संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला त्या विम्याचं संरक्षण नाही. ज्या विधवेने लेकीच्या लग्नासाठी पैसे ठेवलेत, तिने ते तुमच्या चेहऱ्याकडे बघून ठेवलेत. येशूने आपला वधस्तंभ आपल्या खांद्यावर घेतला. तुमच्याकडून मात्र दुसऱ्यांच्या खांद्यावर द्यायचे वधस्तंभ तयार करून घेतले जात आहेत. त्याला सहनशीलता म्हणू नका, सासूबाईंनाही तसं म्हणू देऊ नका. प्रेमानेच समजावा, पण समजावा.

ज्या वडीलधाऱ्यांनी अधीनतेचं वचन दाखवलं, त्यांनी बहुधा पेत्राच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय काढला असेल. त्यांना तोच परिच्छेद पुढे वाचायला सांगा. चांगलं करून दुःख सोसावं लागलं तर ते देवाला मान्य आहे, असं तिथे म्हटलं आहे. धन्याने वाईट करायला सांगितलं तर ते करावं, असं तिथे एका ओळीतही नाही. आणि हाच पेत्र न्यायसभेपुढे उभा असताना म्हणाला, माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. प्रेषितांची कृत्ये, पाचवा अध्याय.

तुमच्या जिल्ह्यापासून फार लांब नसलेल्या केडगावची आठवण इथे येते, दौंडजवळच्या केडगावची. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. त्याच्या आधीची गोष्ट. रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं आणि पुढल्या वर्षी ते पुण्यात आणलं. त्या स्वतः १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेऊन आल्या होत्या, पण सदनातल्या विधवा मुलींना आपापला धर्म आणि आचार पाळायची मोकळीक होती. रमाबाई आपल्या खोलीत लेकीबरोबर, मनोरमेबरोबर, प्रार्थना करत आणि खोलीचं दार उघडं असे. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. गावात बोभाटा झाला, वर्तमानपत्रांत टीकेची झोड उठली. १८९३ मध्ये सल्लागार मंडळातल्या मोठ्या माणसांनी अंग काढून घेतलं, आणि अनेक पालक मुलींना परत घेऊन गेले. रमाबाईंनी दार लावलं नाही, आणि कुणाला हाताला धरून आतही ओढलं नाही.

याच बाईंवर त्याआधी इंग्लंडात उलट्या बाजूने दाब आला होता. ज्या ख्रिस्ती भगिनींनी त्यांना आसरा दिला होता, त्यांना वाटे की रमाबाईंनी फार प्रश्न न विचारता चर्चची शिकवण मान्य करावी. रमाबाईंनी उपकार मानले, नातं तोडलं नाही, आणि पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या त्रैक्याविषयीचे आपले प्रश्न पत्रांतून विचारतच राहिल्या. जे पटलं नव्हतं त्याला पटलं म्हटलं नाही. दोन्हीकडच्या माणसांना त्यांचा राग आला. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुलींना मरणाच्या दारातून आणलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली, आणि १९२२ च्या एप्रिलात त्या स्वतः. भक्तीचं मोठं काम पुढे झालं. त्याची मुळं मला त्या उघड्या दारात दिसतात. खोटंही वागायचं नाही आणि आरडाओरडाही करायचा नाही, रोजचं जे आहे ते उघड्यावर करायचं. तुमच्या शाखेतही तुम्हाला एवढंच करायचं आहे.

तुम्ही केलेल्या दोन सह्यांविषयी एकच वाक्य लिहून पुढे सरकलात. सगळ्यात जास्त तिथेच दुखतंय असं मला वाटतं, म्हणून माझी गोष्ट सांगते.

मी सत्तावीस वर्षं शिक्षिका होते. सुरुवातीच्या काळात एका खेड्यातल्या शाळेत होते. शाळेचं नाव सांगत नाही. पट कमी झाला की तुकडी तुटते, आणि तुकडी तुटली की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो. आमच्याकडची बरीच मुलं दसऱ्यानंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जात. मुख्याध्यापकांनी सांगितलं, हजेरीपटावर त्यांना हजर दाखवत जा. मी दाखवलं. सकाळी शाळेची प्रार्थना संपली की वर्गात येऊन रिकाम्या जागांपुढे हजेरी मांडायची. असं सबंध वर्षभर केलं. त्या मुलांची नावं मला आजही ओळीने आठवतात. पुढल्या वर्षी मी नाही म्हटलं. माझं पगाराचं बिल चार महिने अडलं आणि वर्ष संपता संपता मला तिथून जावं लागलं. २०११ च्या ऑक्टोबरात पटावरची मुलं खरोखर शाळेत आहेत का याची राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा मी त्या शाळेपासून लांब होते, तरी वर्तमानपत्र हातात धरवत नव्हतं.

त्या वर्षभरात मी प्रभुभोजनाला उठत नसे. लोक उठून पुढे जात आणि मी पर्समध्ये काहीतरी शोधत बसे. आमच्या म्हाताऱ्या पाळकांनी ते पाहिलं होतं. एके दिवशी ते घरी आले, काही विचारलं नाही, योहानाचा अठरावा आणि एकविसावा अध्याय काढला आणि म्हणाले, यातला विस्तव बघ. पेत्राने येशूला तीनदा नाकारलं ते प्रमुख याजकाच्या वाड्यात, कोळशांच्या विस्तवाशी शेकत असताना. आणि पुनरुत्थानानंतर तिबिर्य समुद्राच्या काठावर येशूने त्याच्यासाठी पुन्हा कोळशांचाच विस्तव पेटवला, त्यावर मासळी भाजली, त्याला जेवू घातलं आणि मग तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस काय? त्या वासानेच पेत्राला ती रात्र आठवली असेल. येशूने ती विसरायला लावली नाही. पण जेवण आधी वाढलं.

आणखी एक वचन त्यांनी दाखवलं, लूक बावीस-बत्तीस. पेत्र नाकारणार हे ठाऊक असताना येशू त्याला आधीच सांगतो, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे. त्याच रात्री पेत्राचं धैर्य गळालं, जीभ खोटं बोलली. पण विश्वास राहिला, नाहीतर तो बाहेर जाऊन रडला नसता. तुमचंही तेच आहे. दोन फायलींवर तुमचं धैर्य गळालं. विश्वास गेला असता तर तुम्ही हे पत्र लिहिलंच नसतं.

मात्र रडून झाल्यावर त्या दोन सह्यांचं काय करायचं हे ठरवावं लागेल. त्या तशाच ठेवून पुढच्या नऊ नाकारणं पुरेसं नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० मध्ये कलम ८३ खाली चौकशी होते, आणि कलम ८८ खाली नुकसानीची जबाबदारी ठरवतात. त्यात संचालकांबरोबर अधिकारीही येतात. ‘मला वरून सांगितलं होतं’ हे तोंडी वाक्य तिथे फारसं टिकत नाही. तेव्हा सहकाराची प्रकरणं चालवणारा वकील गाठा, तालुक्याबाहेरचा असेल तर उत्तम. त्याला दोन्ही फायलींबद्दल काही न लपवता सांगा, आणि कुठेही लेखी कबुली किंवा तक्रार देण्याआधी त्याचा सल्ला घ्या. मूळ कागद किंवा खातेदारांची माहिती घरी आणू नका. स्वतःच्या वहीत मात्र तारीखवार लिहून ठेवा: कोण आलं, काय म्हणालं, कोणती फाईल, समोर कोण होतं.

संचालक फाईल पुढे सरकवतील तेव्हा लांबलचक बोलू नका आणि वचनंही ऐकवू नका. ‘साहेब, जामीनदार समक्ष आल्याशिवाय मला सही करता येणार नाही. करायचीच असेल तर तसा लेखी आदेश द्या.’ एवढंच बोला. असा आदेश बहुधा कुणी देत नाही. लेखी आदेश आलाच तर तो घेऊन वकिलाकडे जा, सही तरीही करू नका. त्याच दिवशी संस्थेच्या सचिवांच्या किंवा मुख्य व्यवस्थापकांच्या नावाने साधं पत्र द्या, की अमुक फायलींत जामीनदारांची पडताळणी झालेली नाही म्हणून शिफारस करता येत नाही. कुणावर आरोप नाही, फक्त वस्तुस्थिती. तिथे दाद लागली नाही तर लेखापरीक्षक आहेत आणि तालुक्याला सहायक निबंधकांचं कार्यालय आहे, पण ते पाऊल वकिलाशी बोलून टाका.

महिला मंडळाच्या बायकांना आज काय सांगायचं, हे मला सगळ्यात अवघड वाटतं. गावात कुजबुज सुरू झाली की ठेवी काढायला रांगा लागतात, आणि रांगेत नेहमी गरीबच मागे राहतो. म्हणून अफवा होईल असं काही बोलू नका. पण आजपासून कुणालाही नवी ठेव ठेवायला सांगू नका. ‘तू सांगतेस म्हणून ठेवते’ असं कुणी म्हणालं तर ‘माझ्या सांगण्यावर नको’ असं स्पष्ट म्हणा. एवढं तरी आपण त्यांचं देणं लागतो.

मिस्टरांवर रागावू नका. त्यांची भीती खरी आहे आणि तिच्यात तुमच्या घराची काळजी आहे. एका संध्याकाळी मुलगा अभ्यासाला बसला की दोघं वही घेऊन बसा. घरात किती आहे, दोघांची कामं गेली तर किती महिने निघतील, दहावीनंतरच्या प्रवेशाला किती लागेल, माहेर-सासरकडून कोण मदत करील. आकडे कागदावर आले की भीतीला कुठेतरी कड दिसते. घरच्यांची सोय बघणं हा अविश्वास आहे असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. वधस्तंभावर प्राण जात असताना येशूने आपल्या आईला योहानाच्या हवाली केलं. आणि वेळ आली तर ती नोकरी सोडायलाही घाबरू नका. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा, हे त्याचेच शब्द आहेत. तो स्वतःही जीव घ्यायला आलेल्यांच्या हातून निसटला होता, एकदा मंदिरातून आणि एकदा नासरेथच्या कड्यावरून. थांबायची वेळ कोणती आणि निघायची कोणती हे त्याला कळत होतं. ते कळण्यासाठीच तो भल्या पहाटे उठून एकांतात जात असे.

नोकरी वाचेल असं आश्वासन मी देणार नाही. कदाचित जाईल. गेथशेमानेत देवदूत आला आणि त्याने येशूला शक्ती दिली, पण प्याला काढून घेतला नाही. माझे चार महिने पगाराविना गेले तेव्हा किराणावाल्याने उधारी दिली आणि मंडळीतल्या दोन घरांतून धान्य आलं. त्यातल्या एका घराने ते कुणी दिलं हे मला कधी कळू दिलं नाही.

एक माणूस मात्र तुम्हाला हवंच. येशूनेही तिघांना म्हटलं होतं, इथे थांबा आणि माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपले, याचं त्याला वाईट वाटलं, आणि तसं त्याने बोलूनही दाखवलं. एकटीने सोसणं ही त्याची पद्धत नव्हती. तुमच्या मंडळीत जिच्या पोटात गोष्ट राहते अशी एखादी थोरली बाई असेलच. तिला सगळे तपशील सांगू नका, फक्त म्हणा, मी अडचणीत आहे, रात्री फोन केला तर उचलाल का? पाळकांचा तुम्ही पत्रात उल्लेख केला नाहीत. ते भले असतील तर त्यांच्याशीही बोला.

तुम्ही नाव लिहिलं नाहीत ते योग्यच केलंत. मी तुमच्यासाठी प्रार्थना करायला सुरुवात केली आहे, नावावाचून ती अडत नाही. सोमवारी कामाला निघण्याआधी तेरावं स्तोत्र म्हणा, मीही इकडे म्हणेन. सचिवांना पत्र द्याल तेव्हा त्याची दुसरी प्रत बरोबर न्या आणि तिच्यावर शिक्का, तारीख आणि सही घेऊनच शाखेत परत या.

तुमची,
ताई